सांगलीच्या छोट्या कॉलेजातून परम सुपरकॉम्प्युटरवर वेळ मिळतो का? कुणी घेतलाय का?

हरिपूररोड_सांगली

नमस्कार. प्रश्न लांबलाय, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट उत्तर देता येणार नाही म्हणून लिहिते.

मी सांगलीत एका कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि सोबत पीएचडी चालू आहे, चौथं वर्ष. विषय कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातली अतिवृष्टी, म्हणजे महाबळेश्वर, नवजा, कोयनानगर ह्या पट्ट्यात जो पाऊस कोसळतो तो मॉडेलला कितपत पकडता येतो ते बघायचं. २०१९ ला आमच्या घरात पाणी आलं होतं, आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी गेलं ५७ च्या वर, आम्ही नऊ दिवस मिरजेला मावशीकडे होतो. तेव्हापासून हे डोक्यात बसलंय. मग २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी पडला आणि परत तीच धावपळ. त्या जुलैचे तीन दिवस मॉडेलमध्ये उभे करणं हा माझ्या थीसिसचा गाभा आहे.

मॉडेल डब्ल्यूआरएफ, म्हणजे हवामान गणितानं उभं करणारा प्रोग्रॅम. लॅबमधला पीसी आठ कोअरचा, म्हणजे एका वेळी गणित करणारे आठ भाग असलेला. बाहेर दर ९ किमीला एक बिंदू आणि आत दर ३ किमीला एक असे नकाशाचे दोन चौकोन, म्हणजे डोमेन, घेतले की तीन दिवसांचा पाऊस काढायला पाच दिवस लागतात. आता ढगांच्या वेगवेगळ्या स्कीम (ढग आणि पाऊस मोजायच्या पद्धती) बदलून असे ३० रन करायचेत म्हणजे १५० दिवस पीसी सलग चालायला पाहिजे, आणि तो चालत नाही, मागच्या महिन्यात चौथ्या दिवशी रात्री लाईट गेली, यूपीएस चाळीस मिनिटं टिकला, सकाळी जाऊन बघते तर रन मेलेला. परत पहिल्यापासून. त्या दिवशी लॅबमध्ये बसून खरंच रडले.

गाईड म्हणतात परमवर अर्ज कर. पण आमच्या कॉलेजातून आजपर्यंत कुणी केलेला नाही, कुणाला विचारायचं तेच कळेना. आमच्यासारख्यांना देतात का की आयआयटी आयसरवाल्यांचंच असतं ते? अर्ज मी करायचा की गाईडनी? पैसे किती? फॉर्ममध्ये कोअर-अवर किती लागतील असं विचारलंय ते कसं काढायचं? आणि माझं लिनक्स म्हणजे व्हिडिओ बघून शिकलेलं, तेवढ्यावर जमेल का? कुणी सातारा सांगली भागातलं असेल तर फार बरं होईल, भेटून विचारता येईल.


ओगलेवाडी_कराड

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. देतात. मी सहा वर्षं पुण्यात एका क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या बऱ्याच कॉम्प्युटरवर, सिस्टिमचं काम केलंय, आता कराडला परत आलोय, त्यामुळे पलीकडच्या बाजूनं सांगतो.

नॅशनल सुपरकॉम्प्युटिंग मिशन २०१५ ला मंजूर झालं, ४५०० कोटींचं, विज्ञान तंत्रज्ञान विभाग आणि इलेक्ट्रॉनिक्स आयटी मंत्रालय दोघांचं मिळून, आणि राबवायचं काम पुण्याची सी-डॅक (परम बनवणारी सरकारी संगणन संस्था) आणि बंगळुरूची आयआयएससी यांच्याकडं. पहिलं यंत्र ‘परम शिवाय’ ह्या नावाचं, २०१९ ला बनारसला आयआयटी बीएचयूत बसलं, ८३७ टेराफ्लॉप्सचं. मग आपल्या पुण्यात आयसरला परम ब्रह्म, खरगपूरला परम शक्ती, बंगळुरूला आयआयएससीत परम प्रवेग, असं करत २०२५ च्या मार्चपर्यंत ३४ यंत्रं झाली, सगळ्यांची मिळून ताकद ३५ पेटाफ्लॉप्स. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं एवढी गणितं, टेराफ्लॉप त्याचा हजारावा भाग. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये परम रुद्र नावाची तीन यंत्रं सुरू झाली त्यातलं एक जुन्नर तालुक्यात खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी आहे.

हे सगळं सांगायचं कारण असं की ही यंत्रं ज्या संस्थेत बसवलीत त्या संस्थेची खाजगी नाहीत, सरकारी पैशातनं आलीत आणि बाहेरच्या कॉलेज विद्यापीठांनी वापरावीत हे मिशनच्या कागदातच आहे. दोनशेच्या वर संस्थांमधले संशोधक ह्यावर काम करून गेलेत. तेव्हा अर्ज करताना उपकार मागतोय असं वाटून घेऊ नका. तुमचा हक्क आहे तो.

अर्ज गाईडच्या नावानं जातो आणि तुम्ही त्याखाली युजर. बहुतेक यजमान संस्थांच्या साईटवर बाहेरच्या युजरसाठी फॉर्म असतो, त्यावर विभागप्रमुखाची किंवा प्राचार्यांची सही लागते. पैसे घेणाऱ्या ठिकाणीही दर बाजारातल्या क्लाऊडपेक्षा बराच कमी असतो, दर संस्थेनुसार बदलतो, फॉर्मबरोबर दरपत्रक असतं ते वाचा आणि गाईडच्या प्रोजेक्टमध्ये कंटिन्जन्सी (किरकोळ खर्चाचे पैसे) शिल्लक असेल तर त्यातनं भागतं.

आता कोअर-अवर. सोपंय. किती कोअर गुणिले किती तास. तुमचा आजचा रन ८ कोअर गुणिले १२० तास म्हणजे ९६० कोअर-अवर. क्लस्टरमधल्या एकेका कॉम्प्युटरला नोड म्हणतात, बहुतेक ठिकाणी एका नोडवर ४० किंवा ४८ कोअर असतात. ४८ चे दोन नोड घेतले तर ९६ कोअर, हिशेबानं १० तास यायला पाहिजेत पण कोअर एकमेकांशी बोलण्यात वेळ घालवतात म्हणून १२ धरा. एक रन ११५२. तीस रन ३४,५६०. पहिल्या पहिल्यांदा चुका होतातच, काही रन परत करावे लागतात, वर २५ टक्के टाका. ४३,२०० झाले. फॉर्ममध्ये ४५ हजार लिहा आणि हाच हिशेब खाली मांडून दाखवा. तपासणाऱ्या माणसाला आकडा लहान मोठा असण्यापेक्षा तो आला कुठून हे दिसलं पाहिजे. मी स्वतः असे अर्ज चाळलेत, नुसतं पाच लाख लिहून मोकळे झालेले बाजूला पडतात आणि अर्ध्या पानाचा हिशेब दिलेले पुढं जातात.

आणि हो, लाईट गेली तरी रन पहिल्यापासून करायची गरज नाही. नेमलिस्टमध्ये, म्हणजे मॉडेलच्या सेटिंगच्या फाईलमध्ये, रीस्टार्ट इंटरव्हल असतो, किती वेळानं झालेलं काम साठवायचं तो आकडा, मिनिटात. मूळ फाईलमध्ये तो आकडा फार मोठा असतो, तुमचा रन तीनच दिवसांचा, म्हणून रीस्टार्टची फाईल लिहिलीच गेली नसणार. तिथं ३६० टाका, म्हणजे मॉडेलच्या दर सहा तासांनी फाईल पडेल. हे आजच करा, परमची वाट बघू नका.


मिरजमार्केट

एवढा व्याप करण्यापेक्षा कॉलेजलाच एक चांगला वर्कस्टेशन घ्यायला लावा की. ६४ कोअरचं मशीन आता येतं. आपलं आपल्या हातात राहतं, कुणाच्या फॉर्मची कटकट नाही.


निवृत्त_विश्रामबाग

मिरजमार्केट, तुमचं म्हणणं वरवर बरोबर वाटतं, मीही एकेकाळी हेच म्हणायचो. पण एक अनुभव सांगतो. मी ज्या कॉलेजात होतो तिथं अनुदानातून एक सर्व्हर आला, त्या काळच्या मानानं फार चांगला. मोठा कार्यक्रम झाला, नारळ फुटला. पण त्या खोलीला एसी नव्हता, तो पुढच्या वर्षीच्या बजेटात धरू म्हणाले. उन्हाळ्यात मशीन तापून बंद पडायला लागलं. मग देखभालीचा करार संपला. ज्या तरुण शिक्षकाला ते चालवता येत होतं तो दुसरीकडं लागला. पाच वर्षांनी मी बघितलं तेव्हा त्यावर कापड टाकून ठेवलेलं होतं आणि वर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. मला अजून त्याचं वाईट वाटतं, कारण त्या पैशात दहा मुलांचे पीएचडीचे रन झाले असते.

यंत्र विकत घेणं हा खर्चाचा लहान भाग असतो हो. वीज, गारवा, नेटवर्क, बॅकअप आणि मुख्य म्हणजे सांभाळणारा माणूस, हे दर महिन्याला लागतं. एकेका कॉलेजला ते परवडत नाही म्हणून तर ही सामायिक यंत्रं.

हरिपूररोड ताई, तुम्हाला एवढंच सांगतो की घाबरू नका. १९८८ ला सी-डॅक सुरू झाली आणि १९९१ ला परम ८००० उभा राहिला तेव्हा आम्ही तरुण शिक्षक होतो, पुण्याला एका कार्यशाळेला गेलो होतो तेव्हा डॉ. विजय भटकरांच्या त्या कामाबद्दल ऐकून अंगावर काटा आला होता. आपल्याला कुणी द्यायला तयार नव्हतं ते आपण बनवलं. पण तेव्हा ते आपल्यासारख्यांना काचेआडून बघायचं यंत्र होतं. आज तुम्ही हरिपूर रोडवरून त्यावर काम करू शकता, ही केवढी मोठी गोष्ट आहे.


शाहूपुरी_सातारा

ताई मी साताऱ्यातून, केमिस्ट्रीत पीएचडी करतेय, प्रोटीन आणि औषधाचे रेणू एकमेकांना कसे चिकटतात त्याचं सिम्युलेशन, ग्रोमॅक्स नावाच्या प्रोग्रॅमवर. दीड वर्षं झाली एका परम यंत्रावर खातं आहे. ओगलेवाडी दादांनी मिळवायचं कसं ते सांगितलं, मी मिळाल्यावर काय होतं ते सांगते कारण मी सगळ्या चुका करून बसलेय आणि तुम्ही त्या करू नयेत असं मनापासून वाटतं.

पहिल्याच दिवशी लॉगिन झालं, एवढा आनंद झाला की तिथल्या तिथं सिम्युलेशन सुरू करून टाकलं. ते होतं लॉगिन नोड. लॉगिन नोड म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा, सगळे तिथूनच आत येतात, तिथं चूल मांडून बसायचं नसतं. अर्ध्या तासात अॅडमिनचा मेल आला आणि जॉब मारलेला होता. मला वाटलं आता खातं बंद करणार, रात्रभर झोप नाही. सकाळी फोन केला तर ते सर इतके चांगले बोलले, म्हणाले दर आठवड्याला कुणीतरी करतंच, जॉब स्क्रिप्ट लिहून स्लर्मला द्या. स्लर्म म्हणजे रांग लावणारा प्रोग्रॅम. स्क्रिप्टमध्ये वर लिहायचं किती नोड, किती वेळ, कुठली रांग, आणि खाली आपली कमांड. मग आपण लॅपटॉप बंद करून घरी गेलो तरी जॉब तिकडं चालू राहतो. हे मला माहितीच नव्हतं, मी पहिले पंधरा दिवस लॅपटॉप रात्रभर उघडा ठेवून झोपायचे.

दुसरी चूक मोठी. स्क्रॅच म्हणून एक जागा असते, भरपूर आणि वेगवान, रन तिथंच करायचे असतात. पण ठराविक दिवस हात न लागलेल्या फाईली तिथून आपोआप पुसल्या जातात आणि त्याचा बॅकअप नसतो. नियमावलीत पहिल्या पानावर होतं. मी वाचलं नव्हतं. आजोबा गेले म्हणून मी गावी होते, परत आले तेव्हा चार महिन्यांच्या ट्रॅजेक्टरी, म्हणजे रेणूंच्या हालचालीच्या नोंदी, गेल्या होत्या. कुणाचा दोष नाही, पण तो दिवस मी विसरणार नाही. म्हणून सांगते, रन संपला की त्याच दिवशी कामाच्या फाईली खाली उतरवायच्या, उद्यावर ठेवायचं नाही.

लिनक्सचं म्हणाल तर पंधरा वीस कमांड नीट आल्या की सुरुवात होते. आयआयटी बॉम्बेचं स्पोकन ट्युटोरियल आहे त्यात लिनक्सचे धडे चक्क मराठीत आहेत, फुकट, दहा दहा मिनिटांचे. मी ते कॉलेजच्या बसमध्ये ऐकत शिकले. नंतर एक पाच दिवसांचं ऑनलाईन प्रशिक्षण केलं. मिशनची प्रशिक्षणाची केंद्रं खरगपूर, मद्रास, गोवा आणि पालक्काड ह्या चार आयआयटींमध्ये आहेत आणि सी-डॅकचेही वर्ग असतात, पण माझ्याबरोबरच्या बऱ्याच जणांनी प्रमाणपत्र घेतलं आणि नंतर एकदाही लॉगिन केलं नाही. आधी खातं घ्या, स्वतःचा अडलेला रन हातात ठेवा आणि मग प्रशिक्षणाला बसा, शिकवलेलं त्याच दिवशी उपयोगाला येतं.


हरिपूररोड_सांगली

सगळ्यांचे किती आभार मानू. रीस्टार्ट इंटरव्हल कालच बदलला. चार वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

शाहूपुरी, तुझं वाचून पोटात कालवलं गं. चार महिने.

दोन शंका अजून. एक, एवढं मोठं यंत्र मिळतंय तर मी दोन नोडच का घेऊ, वीस घेतले तर तासाभरात होईल ना? दुसरी, गाईड म्हणतात मोठं यंत्र मिळतंय तर ३ किमी ऐवजी १ किमीच कर, घाट नीट दिसतील. ते हिशेबात कसं बसवायचं?


ओगलेवाडी_कराड

चांगले प्रश्न आहेत, आणि दुसऱ्यावर गाईडशी नीट बोला.

वीस नोड म्हणजे ९६० कोअर. डब्ल्यूआरएफ तुमचा नकाशा तुकडे करून एकेका कोअरला वाटतं. समजा तुमचा ३ किमीचा डोमेन २२० बाय २२० आहे, म्हणजे ४८,४०० बिंदू. ९६ कोअरला वाटले तर प्रत्येकाला पाचशेच्या आसपास, साधारण २२ बाय २२ चा तुकडा. ठीक आहे. ९६० ला वाटले तर पन्नास बिंदू, सात बाय सातचा तुकडा. आता मॉडेल काही काही सेकंदांची पावलं टाकत पुढं जातं, आणि प्रत्येक तुकड्याला दर पावलाला शेजाऱ्याकडून कडेचे आकडे मागून घ्यावे लागतात. एवढ्या लहान तुकड्यात कडाच जास्त आणि पोट कमी, मग कोअर गणित करण्याऐवजी शेजाऱ्याच्या दारात उभा. वेळ कमी होत नाही, कधी कधी वाढतो, आणि तुमच्या वाट्याचे कोअर-अवर मात्र दहापट वेगानं संपतात. दहा बाय दहाच्या खाली तुकडा जाऊ द्यायचा नाही.

म्हणून खातं मिळाल्यावर पहिलं काम, मॉडेलचे फक्त सहा तास घ्या आणि तेच एक नोड, दोन नोड, चार नोड, आठ नोडवर चालवा. चार आकडे वहीत लिहा. वेळ जिथं निम्मा व्हायचा थांबतो तिथं थांबा. ह्याला स्केलिंग टेस्ट म्हणतात आणि पुढच्या वर्षी वेळ वाढवून मागताना हाच तक्ता पहिल्यांदा विचारतात.

आता १ किमी. तोच सगळा परिसर १ किमीनं केला तर बिंदू नऊपट. शिवाय बिंदू जवळ आले की पाऊलही लहान टाकावं लागतं. डब्ल्यूआरएफला किमीच्या सहापट सेकंद असा अंगठ्याचा नियम आहे, ३ किमीला १८ सेकंद, १ किमीला सहा. म्हणजे पावलं तिप्पट. नऊ गुणिले तीन, २७ पट काम. तुमचा ११५२ चा रन ३१ हजारावर जाईल, एकच रन, आणि तुम्हाला तीस करायचेत. ते जमायचं नाही.

पण घाटापुरताच १ किमी घ्या. प्रतापगड ते पाटण हा पट्टा मध्ये ठेवून १५० बाय १५० किमीचा चौकोन टाकला तर २२,५०० बिंदू, तिप्पट पावलं धरून तो ३ किमीच्या कामाच्या साधारण दीडपट पडतो. म्हणजे एकूण अडीचपट. आधी ३ किमीवर तीसही रन करा, त्यातल्या चांगल्या चार स्कीम निवडा आणि त्या चारच १ किमीवर घ्या. गाईडनाही पटेल. आणि आतल्या डोमेनला क्युम्युलस स्कीम (मोठे ढग अंदाजानं धरणारा भाग) बंद ठेवा, ३ किमीवर मॉडेल स्वतः ढग उभे करतं.

रांगेबद्दल एक राहिलं. वेळ मागताना उगाच चार दिवस मागू नका. ऊस गाळपाच्या दिवसात कारखान्याच्या गव्हाणीसमोर कसं असतं, मोठ्या ट्रकचा नंबर लागायला वेळ असला की मधल्या वेळात बैलगाडी खाली करून घेतात. स्लर्म तेच करतं. मोठ्या जॉबसाठी नोड मोकळे होईपर्यंत मधल्या फटीत बसेल असा छोटा जॉब आधी सोडतं. १२ तास लागणार असतील तर १५ मागा, ९६ मागितले तर ट्रकच्या रांगेत जाल.


तासगाव_बागायतदार

मी संशोधक न्हाई, बीई झालोय आणि घरची द्राक्षबाग आहे. पण एका कृषी कॉलेजच्या सरांबरोबर पानांच्या फोटोवरून डाऊनी आणि भुरी हे रोग ओळखायचं मॉडेल करतोय म्हणून विचारतो, आमच्यासारख्याला जीपीयू (असली गणितं भराभर करणारी चिप) लागतो, त्याला पण परमच का? सरांकडं फोटो लय साठलेत, बारा हजारच्या आसपास, छाटणीपासून माल जाईपर्यंत दर चार दिवसांनी काढलेत. लॅपटॉपवर ट्रेनिंग लावलं की दोन दिवस फॅन बोंबलतो.


ओगलेवाडी_कराड

दादा, बारा हजार फोटोला आधी कॅगल ह्या वेबसाईटवरचा फुकट जीपीयू वापरा, आठवड्याला साधारण ३० तास मिळतात, तयार मॉडेल घेऊन त्याचे शेवटचे थर तुमच्या पानांवर शिकवले तर त्यात आरामात बसेल. तिथं अपुरं पडलं तर २०२४ च्या मार्चमध्ये केंद्रानं इंडिया एआय मिशन मंजूर केलंय, १०,३७२ कोटींच्या आसपासचं, त्यात खाजगी कंपन्यांचे जीपीयू सरकार सवलतीत देतं, ४० टक्क्यांपर्यंत सूट धरून तासाला शंभर रुपयांच्या आत पडतो. अर्ज सरांच्या संस्थेकडून करा. सी-डॅक पुण्यात परम सिद्धी आणि ऐरावत ही दोन एआयचीच यंत्रं आहेत, सिद्धी २०२० च्या नोव्हेंबरच्या, जगातल्या वेगवान सुपरकॉम्प्युटरच्या यादीत ६३ वी होती. पण तुमचं काम त्या आधीच होऊन जाईल असं वाटतं. फोटो मात्र फक्त तुमच्या एका बागेतले ठेवू नका, पलूस, कवठेमहांकाळकडचे पण घ्या, नाहीतर मॉडेल रोगाऐवजी तुमच्या मंडपाची सावली ओळखायला शिकेल.


तासगाव_बागायतदार

सावलीचं एकदम बरोबर बोललात. आमचं मॉडेल सकाळच्या फोटोत बरोबर सांगतंय आणि दुपारच्यात चुकतंय, आम्ही महिनाभर कोडच तपासत बसलोय. सरांना आजच सांगतो.


निवृत्त_विश्रामबाग

हा धागा वाचून एक गोष्ट सुचवावीशी वाटते. अमेरिकेत सरकारी खर्चानं चालणारी अशीच सामायिक व्यवस्था आहे, आधी टेराग्रिड, मग २०११ पासून एक्ससीड आणि २०२२ पासून अॅक्सेस. तिथं २००८ पासून कॅम्पस चॅम्पियन्स म्हणून उपक्रम चालतो, त्यात सामील असलेल्या कॉलेजात एक शिक्षक किंवा कर्मचारी असा असतो की ज्याला ही यंत्रं माहीत असतात, तो आपल्याच कॉलेजातल्या माणसाला पहिलं खातं उघडून देतो, पहिली स्क्रिप्ट शेजारी बसून लिहून देतो. आणि अॅक्सेसमध्ये सुरुवातीच्या छोट्या वेळेसाठी कामाचा थोडक्यात गोषवारा दिला की भागतं, मोठा प्रस्ताव नंतर.

आपल्याकडं मिशनमधून २२ हजारांवर लोकांना प्रशिक्षण मिळालंय, म्हणजे शिकलेली माणसं आहेत. पण वर बघा, ताईंना रीस्टार्टचा एक आकडा सांगणारं माणूस चार वर्षं भेटलं नाही, आणि ते होतं कुठं तर कराडला, दीडेक तासावर. माझं म्हणणं आहे की सांगली साताऱ्यातल्या कॉलेजांनी एकेका शिक्षकाच्या वर्कलोडमध्ये आठवड्याचे चार तास ह्या कामासाठी धरावेत. ताशिकांच्या हिशेबात बसत नाही असं उत्तर येईल हे मला ठाऊक आहे, मी प्राचार्यांच्या खोलीत हेच उत्तर कितीदा ऐकलंय. तरी मागत राहायचं. आणि तोपर्यंत मी माझ्या घरची बाहेरची खोली देतो, विश्रामबागेत, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ज्याला लॅपटॉप घेऊन यायचंय त्यानं यावं. चहा आमच्याकडं.


शाहूपुरी_सातारा

सर मी येते. सकाळच्या गाडीनं सांगलीला उतरेन.


ओगलेवाडी_कराड

मी पण येतो. ताई अर्जाचा कच्चा मसुदा घेऊन या, हिशेब तिथंच बसून पक्का करू.


हरिपूररोड_सांगली

सात आठवडे झाले, सांगायचं राहून गेलं म्हणून परत लिहिते, कारण मागे असे कितीतरी धागे वाचले की ज्यात शेवटी काय झालं ते कुणी लिहिलेलंच नाही.

सरांच्या घरी पहिल्या वेळी आम्ही चौघं होतो, दुसऱ्या वेळी नऊ जण. तासगावचे दादा पण आले, द्राक्षाची पेटी घेऊन. अर्ज दुसऱ्या प्रयत्नात मंजूर झाला. पहिल्यांदा परत आला कारण प्राचार्यांची सही होती पण शिक्का नव्हता, तो शिक्का मिळवायला चार दिवस गेले. एकूण ४० हजार कोअर-अवर मिळाले. पाच हजार कमी दिले, पण स्केलिंगचा तक्ता दाखवला तर वाढवून देतो असं लिहिलंय.

स्केलिंग टेस्ट केली. दोन नोडवर वेळ जवळजवळ निम्मा, चारवर अजून बरा कमी, आठवर फारसा फरक नाही. चार घेतले असते तर लवकर झालं असतं पण कोअर-अवर जास्त जातात म्हणून दोनवरच राहिले. शाहूपुरीनं व्हिडिओ कॉलवर बसून पहिली स्क्रिप्ट लिहून घेतली, ती सांगत होती आणि मी टाईप करत होते, मुद्दाम तिनं स्वतः लिहून दिली नाही.

जॉब रात्री दहाला टाकला, रांगेत साडेतीन तास होता. सकाळी उठून चहाच्या आधी बघितलं तर चालू होता, दुपारी लेक्चर संपवून बघितलं तर पूर्ण. ११ तास ४० मिनिटं. जे पाच दिवस लागायचं ते. मी स्टाफरूममध्येच आईला फोन केला, तिला काय झालं ते नीट कळलं नाही पण ती पण रडली.

आउटपुट फाईली फार मोठ्या आहेत, सगळ्या उतरवायला आमच्या कॉलेजचं नेट पुरत नाही, म्हणून तिकडंच पाऊस, वारा आणि आर्द्रता एवढंच वेगळं काढते आणि तेवढंच रात्री खाली घेते. स्क्रॅचमध्ये काही ठेवत नाही. आतापर्यंत सहा रन झाले. पेपरमध्ये मिशनचे आभार लिहावे लागतात तो परिच्छेद आधीच टाकून ठेवलाय.

आता अडचण वेगळी आहे आणि त्यासाठीच परत इथं आले. मॉडेलचा पाऊस महाबळेश्वरला बऱ्यापैकी जुळतोय पण नवजा आणि कोयनानगरच्या बाजूला मॉडेल कमी दाखवतंय, आणि पडताळायला माझ्याकडं तिथले फक्त दिवसाचे आकडे आहेत. २२ आणि २३ जुलै २०२१ चे तासातासाचे आकडे पाहिजेत. पाटण किंवा जावळी तालुक्यात कुणी शाळेत, धरणावर, कारखान्यावर पर्जन्यमापक सांभाळणारं ओळखीचं आहे का? वहीत हातानं लिहिलेलं असलं तरी चालेल, मी स्वतः येऊन उतरवून घेईन.